तांत्रिक खंड

संध्याकाळी साडेसहाला पहिला तास.
फोर्टातल्या या इमारतीतलं दिवसाचं कॉलेज
तेव्हा डबे धुऊन घरी गेलेलं असतं,
आणि बाकांवर येऊन टेकतात
दिवसभर कुणाच्या तरी हाताखाली असलेली माणसं:
नावाची पट्टी काढायला विसरलेली नर्स,
गोदीतला टॅली क्लार्क,
कुरिअरची पिशवी पायाशी घेतलेला घनश्याम नाखवा,
जो हजेरीला अजून उभा राहतो. सांगून थकले.

मी फळ्यावर लिहिते: कामगार म्हणजे कोण?
एकवीस वर्षं हाच प्रश्न, हेच अक्षर.
आधी व्याख्या पाठ झाली, मग अपवाद.
मग जुने कायदे गुंडाळून नव्या संहिता आल्या,
माझी टिपणं रद्दीवाल्यानं किलोवर नेली,
प्रश्न तेवढा फळ्यावर राहिला.

सबीहा मुकादम हात वर करते.
"मॅडम, तुम्ही कामगार का?"
वर्ग हसतो. हसू देते.
मग सांगते, दरवर्षीसारखंच,
की शिक्षक कामगार नव्हे, तसा निकाल आहे,
शिकवणं ही नोकरी कमी, व्रत जास्त.
ती वहीत उतरवून घेते
आणि मान वर न करता विचारते,
"व्रताचा पगार किती तारखेला होतो?"

माझी पहिली नऊ वर्षं तासिका तत्त्वावर गेली.
तासाचे पैसे, तेही लेखा विभागातल्या शेवड्यांना
फाइल सापडेल तेव्हा.
मार्चअखेर आदेश संपायचा,
जुलैत नवा निघायचा, मजकूर तोच:
नेमणूक निव्वळ तात्पुरती,
कायमपणाचा हक्क सांगता येणार नाही.
मधल्या फटीला ते म्हणत तांत्रिक खंड.
त्या खंडात मी गिरगावात एका वकिलाकडे टायपिंग केलं,
आईला सांगितलं, सुट्टी आहे.
वर्गात शिकवायची दोनशे चाळीस दिवसांची अखंड सेवा,
रविवारही धरावेत, हेसुद्धा शिकवायची,
आणि घरी कॅलेंडरवर पेन्सिलीनं
मोजत बसायची स्वतःचे,
ते कलम मला लागू नाही हे पक्कं ठाऊक असून.
दुसऱ्याच्या मुलाची उंची
आपल्या दारावर खुणेनं मोजावी, तसं.

दहाव्या वर्षी कायम झाले.
पेढे वाटले. लिफ्टमन तांडेलनं दोन घेतले,
एक आपल्याला, एक ठेकेदाराला.
"तोंड गोड केलं तर मस्टरवर नाव राहील."
दिवाळीनंतर राहिलं नाही.
वांद्र्याच्या कामगार न्यायालयात
चार तारखांना मी त्याच्यासोबत गेले.
पाचवीला माझी परीक्षेची ड्यूटी होती.
पुढे तो मुरुडला गेला, असं कुणीतरी म्हणालं.

आता विभागप्रमुख मी.
गेल्या आठवड्यात फाइल आली:
हृषीकेश गावंड, तासिका तत्त्व.
चांगला शिकवतो, त्याच्या तासाला
मुलं घड्याळ बघत नाहीत.
आदेशातला स्वल्पविरामही बदललेला नव्हता.
समासात लिहिलं: खंड देऊ नये, फेरविचार व्हावा.
तीन दिवसांनी फाइल परत आली,
माझ्या शेऱ्याखाली हिरव्या शाईत: नियमानुसार.
शिपाई समोर उभा होता. मी सही केली.
माझी सही सुरेख येते, सगळेच म्हणतात.

आज गावंड मागच्या बाकावर बसलाय.
त्याचा तास आठला,
आणि स्टाफरूमची किल्ली फक्त कायम लोकांकडे.
मांडीवर उत्तरपत्रिकांचा गठ्ठा.

मी खडू उचलते. कामगार म्हणजे
इतक्यात घनश्याम उभा राहतो,
"मॅडम, हजेरी राहिली."
मी मस्टर उघडते. एकेक नाव घेते.
हजर. हजर. मुकादम, हजर.
शेवटच्या नावाखाली दोन ओळी कोऱ्या आहेत,
तिथे बोट जरा थांबतं.

मागे लाल पेनाचं टोपण वाजतं.
तो पुढची उत्तरपत्रिका घेतो.